अंगणवाडीच्या वयातील मुलांचे दात : पालक, सेविका आणि ग्रामपंचायत यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांविषयी आहेत. महाराष्ट्रातील गावे, वाड्या आणि शहरांतील वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत, कारण या वयातील मुलांपर्यंत रोज पोहोचणारी यंत्रणा तेथे एकच आहे आणि ती म्हणजे अंगणवाडी.

दुधाचे दात पडणारच असतात. मग त्यांच्यासाठी एवढी खटपट कशाला?

दुधाचे दात एकूण २० असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे दात येऊन पूर्ण होतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे सर्वांना ठाऊक असते. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला पुढची सात-आठ वर्षे भाकरी चावायची असते.

दाढ दुखत असलेले तीन वर्षांचे मूल ‘माझी दाढ दुखते’ असे क्वचितच सांगते. ते एका बाजूने चावते, घास गालात धरून बसते, भाकरी बाजूला सारून दूधभात मागते, रात्री उठून रडते, आणि घरात ‘हा जेवायला फार नखरे करतो’ असे ठरून जाते. म्हणून वजनाच्या नोंदीत एखादे मूल मागे पडलेले दिसले, तर सेविकेने त्याच्या आहाराची चौकशी करतानाच त्याचे तोंडही उघडून पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पडता येत असल्याने पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून थांबतात. तिच्या जागी दुसरी दाढ कधीच येत नाही. किडलेल्या तोंडात उगवलेल्या या दाढेला कीड लागण्याचा धोकाही जास्त असतो.

इतक्या लहान वयात दात किडतात तरी कसे?

दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जिवाणू असतात. मूल साखर असलेले काही खाते तेव्हा हे जिवाणू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताच्या बाहेरील कठीण आवरणातील खनिजे विरघळू लागतात. त्यानंतर साधारण अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लाळ ते आम्ल निवळत असते आणि गेलेली खनिजे थोडीथोडी परत भरत असते. लाळेला हा अवकाश मिळाला तर दात टिकतो. तो मिळण्याआधीच पुन्हा गोड तोंडात पडले तर झीज भरून निघत नाही. त्यामुळे मुलाने दिवसभरात साखर एकूण किती खाल्ली, याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे ठरते.

एखाद्या मुलाचा नेहमीचा दिवस पाहावा. सकाळी बशीतल्या चहात बुडवलेली दोन बिस्किटे, दहाच्या सुमारास दुकानातला पाच रुपयांचा पुडा, दुपारी रडणे थांबावे म्हणून हातात दिलेले चॉकलेट, संध्याकाळी पुन्हा चहा आणि टोस्ट, आणि झोपताना साखर घातलेले दूध. यातले काहीच फार मोठ्या प्रमाणात नाही, पण दातांवर दिवसातून पाच वेळा आम्लाचा मारा झाला आणि त्यातला शेवटचा तर झोपेत लाळ कमी झालेली असताना झाला.

लहान मुलांमधील कीड बहुधा वरच्या पुढच्या दातांपासून सुरू होते. खालच्या पुढच्या दातांना जिभेचा आडोसा आणि लाळेचा ओघ मिळतो, म्हणून ते बराच काळ बचावतात. वरचा ओठ हलकेच उचलून पाहिले तर हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते. ही पहिली खूण असते आणि या टप्प्यावर कीड थांबवता येते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की घरगुती उपायांचा काळ संपलेला असतो. महिन्यातून एकदा उजेडात बसवून ओठ उचलून पाहण्याची सवय आईने, आजीने किंवा आशाताईने लावून घेतली, तर बहुतेक मुलांची कीड वेळेत सापडेल.

गूळ, मध आणि खजूर तर नैसर्गिक असतात. ते दिले तर चालतात ना?

दातांच्या दृष्टीने गूळ, मध आणि साखर यांत फारसा फरक नाही, आणि खजूर दातांच्या फटींत चिकटून राहतो. चोखणी मधात बुडवून देणे तर दुहेरी चुकीचे आहे, कारण एक वर्षाखालील बाळाला मध देणे गंभीर विषबाधेच्या शक्यतेमुळे मुळातच टाळायचे असते. गोड द्यायचेच असेल तर ते जेवणाबरोबर द्यावे आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळेत उकडलेले अंडे, काकडीचे पातळ काप, भाकरीचा तुकडा, ताजे फळ किंवा बिनसाखरेचे दूध द्यावे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, त्यामुळे ते कुटूनच द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून, तसेच मध आणि फळांच्या रसातील साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांच्या खाली आणता आली तर अधिक चांगले.

अंगणवाडीतून मिळणारा आहारच कधी गोड असतो. तो नाकारायचा का?

नाकारू नये. कमी वजनाच्या मुलासाठी तो आहार महत्त्वाचा असतो आणि दातांच्या नावाखाली तो बंद करणे हा उफराटा न्याय होईल. लाडू किंवा शिरा एका बैठकीत खाऊन संपवावा, हातात घेऊन तासभर चघळत फिरू देऊ नये आणि नंतर पाणी प्यायला लावावे, एवढी शिस्त पुरेशी आहे. मुलाच्या वाढदिवसाला अंगणवाडीत गोळ्या-चॉकलेटे वाटण्याची पद्धत मात्र बंद करता येण्यासारखी आहे. त्याऐवजी केळी वाटल्याने कोणाचाही आनंद कमी झालेला दिसत नाही.

रात्री अंगावर पाजल्याने दात किडतात का?

स्तनपान दोन वर्षे किंवा त्याहून पुढेही चालू ठेवावे ही शिफारस दातांमुळे बदलत नाही. दात आल्यानंतर, विशेषतः वर्ष उलटल्यावर, रात्रभर पुन्हापुन्हा पाजले जात असेल आणि दात घासलेच जात नसतील तर कीड लागण्याची शक्यता वाढते. म्हणून त्या वयात रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे अधिक गरजेचे होते. साखर घातलेल्या दुधाची किंवा सरबताची बाटली तोंडात देऊन झोपवणे मात्र पूर्णपणे थांबवावे आणि वर्षाच्या सुमारास बाळाला बाटलीवरून कपावर आणावे.

टूथपेस्ट कोणती, किती आणि कधीपासून वापरायची?

पहिला दात दिसल्या दिवसापासून. तीन वर्षांखालील मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढी टूथपेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पांढरी लाट दिसते तेवढी मोठ्या माणसालाही लागत नाही. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असावे आणि त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत १००० भागांच्या आसपास असावे. भारतात कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही टूथपेस्टमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते, तर काहींत फ्लोराइड मुळीच नसते. त्यामुळे वेष्टनावरील चित्र न पाहता घटक वाचावेत. घरातील मोठ्यांची साधी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट दाण्याच्या मापाने वापरली तर वेगळा खर्चही लागत नाही.

दात दिवसातून दोन वेळा घासावेत आणि त्यातली रात्रीची वेळ कधीही चुकवू नये. आपल्याकडे सकाळी तोंड धुणे हा संस्कार पक्का आहे, पण रात्री दात घासणे अजून बहुतेक घरांच्या अंगवळणी पडलेले नाही, आणि दातांसाठी जास्त मोलाची वेळ तीच आहे. रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काहीही देऊ नये. घासून झाल्यावर फेस थुंकायला सांगावे, पण चुळा भरायला लावू नये, कारण उरलेले थोडे फ्लोराइड रात्रभर दातांवर राहणे हाच उद्देश असतो.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसानेच घासावेत. मुलाला पुढ्यात, आपल्याकडे पाठ करून बसवावे, त्याचे डोके आपल्या छातीला टेकवावे, एका हाताने हनुवटी धरावी आणि दुसऱ्या हाताने हिरडीलगत लहान लहान गोल फिरवत घासावे. आधी मुलाला स्वतः घासू द्यावे आणि मग ‘आता माझी पाळी’ म्हणून आपण घासावे, म्हणजे भांडण कमी होते.

राखुंडी, मीठ, कोळसा किंवा कडुलिंबाची काडी वापरली तर?

काडीने घासल्यामुळे दात स्वच्छ होतात, पण त्यातून फ्लोराइड मिळत नाही. राखुंडी, कोळसा आणि मीठ खरखरीत असल्यामुळे दुधाच्या दातांचे पातळ आवरण घासले जाते. मशेरीचा प्रश्न मात्र स्वच्छतेचा नसून व्यसनाचा आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. अनेक घरांत आजी किंवा आई ती लावते आणि दात दुखणाऱ्या नातवाच्या हिरडीलाही बोट लावून देते. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली, पण घरी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत ती बंदी पोहोचत नाही. तेथे गृहभेटीला जाणारी सेविका आणि आशाताईच पोहोचू शकतात, आणि त्यांनीही दोष न देता बोलले तरच ऐकले जाते.

आमच्या भागात पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तरीही फ्लोराइडची टूथपेस्ट वापरायची?

ही शंका रास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि पर्यायी स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास कायमच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात आणि प्रमाण खूप जास्त असेल तर हाडांवरही परिणाम होतो. कायमच्या पुढच्या दातांची घडण हिरडीच्या आत बालपणीच होत असते, म्हणून या वयातील पाणी महत्त्वाचे असते.

अशा गावात पहिले काम पाण्याची तपासणी करून घेण्याचे आणि बालकांसाठी सुरक्षित स्रोत मिळवण्याचे आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीने पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेकडे नमुना द्यावा आणि निकाल चावडीवर लावावा. टूथपेस्ट गिळण्यासाठी नसते आणि दाण्याएवढ्या मापात तिचा धोका अल्प असतो, तरीही पाण्यातील प्रमाण जास्त निघालेल्या गावात सामूहिक कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सकांचा सल्ला घ्यावा. एका तालुक्यातील तक्रारीवरून सगळ्या महाराष्ट्राने फ्लोराइड टाळणे मात्र चुकीचे आहे, कारण बहुतेक गावांतील मुलांचा प्रश्न कीड हाच आहे.

अंगणवाडीत रोज सगळ्यांनी मिळून दात घासण्याचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि याचा सर्वांत स्पष्ट दाखला स्कॉटलंडचा आहे. तेथे ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी कार्यक्रमात बालवाडीत रोज देखरेखीखाली दात घासून घेतले जातात. शाळेच्या पहिल्या वर्षातील, म्हणजे सुमारे पाच वर्षांच्या मुलांपैकी उघड कीड नसलेल्या मुलांचे प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होते. २०१८ मध्ये ते ७१ टक्क्यांवर गेले. बालवाडीतील दात घासण्याच्या या भागाचा हिशेबही मांडला गेला आणि कार्यक्रमाच्या आठव्या वर्षापर्यंत उपचारांवरील अपेक्षित बचत त्याच्या खर्चाच्या अडीच पटींहून अधिक झाल्याचे दिसले. दात घासण्यासारखी गोष्ट रोज, ठरलेल्या वेळी आणि सगळ्यांनी केली की तिचे काय होते, ते या आकड्यांत दिसते.

आपल्या अंगणवाडीत हे बसवताना अडचणी अगदी साध्या असतात : नळ नाही, मुले तीस आणि सेविका-मदतनीस मिळून दोघीच. म्हणून पद्धत सोपी ठेवावी. प्रत्येक मुलाच्या ब्रशवर वेगळे चित्र चिकटवावे, कारण या वयात नाव वाचता येत नाही, पण ‘माझा पोपट’ आणि ‘माझी छत्री’ बरोबर ओळखता येते. टूथपेस्टची नळी एकेका ब्रशला लावू नये. स्वच्छ ताटलीत वाटाण्याएवढे ठिपके एकमेकांपासून दूर काढावेत आणि प्रत्येक मुलाने आपल्या ब्रशने एकच ठिपका उचलावा. मुलांना गोलात बसवावे, एखादे बडबडगीत दोन मिनिटे म्हणावे, तोवर घासून घ्यावे आणि मग फेस थुंकायला लावावे. चुळा भरायच्या नसल्याने पाण्याची अडचण निम्म्याहून कमी होते. जे पाणी लागते ते ब्रश धुण्यापुरतेच. ब्रश उभे, एकमेकांना न टेकतील असे आणि हवा लागेल अशा जागी, जाळीखाली वाळवावेत. बंद डब्यात ओले ब्रश कोंबून ठेवण्यापेक्षा ते न ठेवलेले बरे. तीन महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधीच, ब्रश बदलावा.

खर्च ब्रश आणि टूथपेस्टपुरताच असतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायच्या निधीतून तो करता येण्यासारखा आहे. त्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडावा लागतो आणि दर तिमाहीचा पुरवठा कोण आणणार हे त्याच ठरावात नावानिशी लिहावे लागते. हे लिहिले गेले नाही की पहिले ब्रश फाकल्यावर कार्यक्रम बंद पडतो. सेविकांवर आधीच नोंदवह्या आणि ॲप यांचा भार आहे, तेव्हा त्यांच्यावर आणखी एक तक्ता न लादता हे काम प्रार्थना आणि आहार यांच्या मधल्या वेळेत बसवावे.

गावात दंत तपासणी शिबिर झाले. तेवढे पुरे नाही का?

बहुधा नाही. शिबिरात तपासणी होते, ब्रश वाटले जातात, फोटो निघतो, आणि ‘पुढील उपचारासाठी संदर्भित’ असे लिहिलेली चिठ्ठी आईच्या हातात पडते. त्या चिठ्ठीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार, हा प्रश्न शिबिर घेणाऱ्यांच्या अहवालात नसतो. शिबिर घ्यायचेच असेल तर त्याच दिवशी दातांना लावता येण्यासारखे उपचार करावेत, संदर्भित मुलांची यादी आशाताईकडे राहावी आणि महिन्याभरात त्यातली किती मुले दवाखान्यात पोहोचली हे विचारले जावे.

यासाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला आणि त्यातील तपासणीत दातांच्या आजारांचाही समावेश आहे. या कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित असते. पथकाच्या भेटीची तारीख आधी माहीत करून घ्यावी, त्या दिवशी सर्व मुले हजर ठेवावीत आणि तोंडाची तपासणी घाईत सुटू नये म्हणून सेविकेने ओठ उचलून आधीच पाहून ठेवलेली नावे पथकासमोर ठेवावीत.

दात किडलेला दिसतो आहे आणि दंतवैद्य दूर आहेत. करण्यासारखे काय आहे?

आता भूल, ड्रिल आणि खुर्ची यांशिवाय होणारे उपचार उपलब्ध आहेत, आणि याची माहिती पालकांना फारशी नसते. पांढऱ्या रेघेच्या टप्प्यावर दातांना फ्लोराइड वार्निश लावतात. ते काही मिनिटांत होते आणि वर्षातून किमान दोनदा लावावे लागते. खड्डा पडला असेल पण दुखत नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव लावून कीड जागीच थांबवता येते. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी दाखवून आणि समजावून सांगितले पाहिजे. पुढच्या दातांच्या बाबतीत काही आया नकार देतात आणि तो त्यांचा हक्क आहे. तिसरा उपाय म्हणजे हातातल्या अवजारांनी किडलेला मऊ भाग काढून ग्लास आयनोमर सिमेंट भरणे. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, जेथे वीज नव्हती अशा ठिकाणांसाठी विकसित झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट, हे काळे करणारे द्रव आणि हे सिमेंट या तिन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे किंवा गिळता न येणे यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुखऱ्या दाढेत लवंगेचे तेल ओतणे किंवा वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून ठेवणे टाळावे. दोन्हींमुळे हिरडी भाजते.

दात येताना जुलाब होतात आणि वरचे दात आधी आले तर मामाला जड जाते, हे खरे का?

दात येताना हिरडी शिवशिवते, लाळ गळते आणि मूल चिडचिडे होते. जुलाब आणि चांगला ताप मात्र दातांमुळे येत नाहीत. त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालते आणि त्यातून संसर्ग होतो. जुलाब ‘दातांचे’ म्हणून सोडून दिले तर पाणी कमी होऊन मूल दगावू शकते, म्हणून जलसंजीवनी आणि झिंक लगेच सुरू करून आरोग्य केंद्रात दाखवावे. मामाने निश्चिंत असावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे काय?

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे वर्षातील पाच-सहा महिने मूल गावच्या अंगणवाडीत नसते, फडात दिवसभर उसाची कांडी चोखते आणि कोपीवर रात्री दमलेल्या आईला दात घासून घेण्याचे त्राण नसते. अशा मुलांसाठी निघण्यापूर्वीच वार्निश लावून घेणे, दोन ब्रश आणि एक टूथपेस्ट बरोबर देणे आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तोंड तपासणे, एवढे गावाच्या हातात आहे. उरलेले काम ज्या गावात टोळी उतरते तेथील अंगणवाडीचे आहे. स्थलांतरित मुलांना तेथे प्रवेश आणि आहार मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे गोलात बसवताना त्यांच्यासाठीही ब्रश ठेवावा.

कार्यक्रमाचा उपयोग होतो आहे की नाही, हे गावाने कसे ओळखावे?

वाटलेल्या ब्रशांची संख्या हे माप नव्हे. सुरुवातीला चार ते पाच वर्षांच्या सर्व मुलांची तपासणी करून किती मुलांच्या दातांवर डोळ्यांना दिसणारी कीड आहे आणि किती मुलांना गेल्या महिन्यात दातदुखी झाली, हे दोनच आकडे नोंदवावेत. तपासणी शक्य तर दरवर्षी त्याच व्यक्तीने, त्याच महिन्यात आणि त्याच वयाच्या मुलांची करावी. वय बदलले तर आकड्यांची तुलना करता येत नाही. पालकांची संमती घ्यावी आणि मुलांची नावे फलकावर लावू नयेत. पहिल्या वर्षी आकडा हलणार नाही, कारण आधी किडलेले दात तसेच राहणार असतात. फरक दिसला तर तो कार्यक्रम सुरू झाल्यानंतर दात आलेल्या मुलांमध्ये, म्हणजे तीन-चार वर्षांनी दिसतो. तोवर सरपंच बदललेले असतात आणि बहुधा पर्यवेक्षिकाही, म्हणून पहिल्या वर्षीची नोंद अंगणवाडीच्या वहीबरोबरच ग्रामपंचायतीच्या दप्तरीही ठेवावी.